इंग्रजी यादीतील शेवटचा स्वल्पविराम: कधी द्यावा, कधी गाळावा

इंग्रजीत तीन किंवा अधिक गोष्टी ओळीने लिहिताना शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, या प्रश्नापाशी इंग्रजीत नव्याने लिहू लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी अडतोच. शाळेत एक सांगितलेले असते, परदेशी विद्यापीठाच्या सूचनापत्रात नेमके उलट छापलेले असते आणि संगणक भलत्याच जागी रेघ ओढून दाखवत असतो. अशा वेळी बहुतेक जण मनाला येईल तसे लिहितात, म्हणजे एका परिच्छेदात स्वल्पविराम देतात आणि पुढच्या परिच्छेदात गाळतात. इंग्रजी मजकूर तपासण्याच्या कामात मला सर्वाधिक वेळा दुरुस्त करावी लागणारी गोष्ट हीच आहे, म्हणून ती पायरीपायरीने मांडतो. लेखातील इंग्रजी उदाहरणे देवनागरीत लिहिली आहेत. ती वाचताना शब्दांपेक्षा स्वल्पविरामांच्या जागांकडे अधिक लक्ष द्यावे.

आधी नावे सांगतो. या चिन्हाला ‘सीरियल कॉमा’ किंवा ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात. अमेरिकेत क्वचित ‘हार्वर्ड कॉमा’ असेही म्हटले जाते. तिन्ही नावे एकाच चिन्हाची आहेत.

मराठी माणसाचा हात इथे का अडखळतो, हेही समजून घेतले पाहिजे. मराठीत विरामचिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून आली आणि ती रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर कँडी यांना दिले जाते. मात्र ‘आंबा, फणस, काजू आणि कोकम’ असे लिहिताना ‘आणि’च्या आधी आपण स्वल्पविराम देत नाही. ‘आणि’ किंवा ‘व’ आला की तोच दोन शब्दांना जोडतो आणि वेगळेही दाखवतो, अशी आपली समजूत आहे. तीच सवय आपण इंग्रजीत नेतो. ही चूक नाही. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी उद्देशिकेतही ‘सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल’ असेच छापलेले आहे आणि ‘थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ या पाच शब्दांच्या यादीतही शेवटचा स्वल्पविराम नाही. त्यामुळे तो गाळणाऱ्याला अडाणी ठरवणे आणि देणाऱ्यावर अमेरिकेची नक्कल केल्याचा ठपका ठेवणे, दोन्ही अन्यायाचे आहे.

पहिली पायरी: मोजून पाहणे

नियम शोधण्याआधी यादीत किती गोष्टी आहेत ते मोजावे. मग आपल्या विषयाशी संबंध नसलेला वाचक तेच वाक्य वाचून किती मोजेल, याचा विचार करावा. दोन्ही आकडे जुळले तर स्वल्पविराम दिला काय आणि गाळला काय, अर्थाला धक्का लागत नाही. आकडे जुळले नाहीत तर मात्र काहीतरी करावेच लागते.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातील ऋणनिर्देशाचे पान माझ्याकडे तपासायला आले होते. त्यात असे वाक्य होते: ‘आय थँक माय पेरेंट्स, द लायब्रेरियन अँड द हेड ऑफ द डिपार्टमेंट.’ तिच्या मनात तीन निरनिराळे आभार होते. अनोळखी वाचकाला मात्र हे वाक्य ‘माझे आईवडील, म्हणजेच ग्रंथपाल आणि विभागप्रमुख’ असेही वाचता येते, कारण इंग्रजीत एखाद्या नामानंतर स्वल्पविराम देऊन त्याच व्यक्तीची ओळख सांगण्याची पद्धत आहे. तिचे आईवडील शेती करतात आणि त्यांचा उल्लेख त्यांच्या स्वतःच्या नात्याने व्हावा, ही तिची इच्छा होती. ‘लायब्रेरियन’नंतर एक स्वल्पविराम दिला आणि तीन आभार तीन ठिकाणी पोचले.

हे उदाहरण वाचून ‘मग नेहमीच द्यावा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काढण्याआधी हे दुसरे वाक्य पाहावे: ‘आय थँक माय मदर, अ टीचर, अँड माय गाइड.’ इथे शेवटचा स्वल्पविराम आहे, तरीही वाचकाला माणसे नीट मोजता येत नाहीत. आई, एक शिक्षिका आणि मार्गदर्शक अशा तीन व्यक्ती असतील किंवा शिक्षिका असलेली आई आणि मार्गदर्शक अशा दोनच असतील. तो स्वल्पविराम काढून ‘माय मदर, अ टीचर अँड माय गाइड’ असे लिहिले, तर आई हीच शिक्षिका आणि मार्गदर्शकही, म्हणजे एकच व्यक्ती, असा तिसरा अर्थ डोकावतो. अशा ठिकाणी स्वल्पविरामाशी झटापट करत न बसता वाक्यच मोडून पुन्हा लिहावे. दोन व्यक्ती अभिप्रेत असतील तर ‘आय थँक माय गाइड अँड माय मदर, हू इज अ टीचर’ असे लिहावे. तीन असतील तर ‘माय मदर अँड माय गाइड, अँड ऑल्सो वन ऑफ माय स्कूलटीचर्स’ असे लिहिता येते. व्यक्तीचे नाते किंवा पद स्वल्पविरामांत कोंबले की घोटाळा होतो, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी निम्म्या अडचणी टळतात.

दुसरी पायरी: मजकूर कोणासाठी आहे ते पाहणे

मोजणी जुळली की प्रश्न शिस्तीचा उरतो. इंग्रजीत प्रत्येक प्रकाशनसंस्थेची, वृत्तपत्राची आणि विद्याशाखेची स्वतःची लेखनशैली ठरलेली असते. तिला ‘हाउस स्टाइल’ म्हणतात आणि तिथे लिहिताना तीच पाळायची असते.

‘अमेरिकन देतात, इंग्रज देत नाहीत’ असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. या स्वल्पविरामाला ज्या ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाचे नाव मिळाले, ते इंग्लंडमधलेच आहे. तिथले मुद्रणप्रमुख होरेस हार्ट यांनी जुळाऱ्यांसाठी केलेली नियमावली १८९३ मध्ये छापली गेली, १९०४ मध्ये ती बाहेरच्या लोकांना विकत मिळू लागली आणि तिची परंपरा हा स्वल्पविराम देण्याची आहे. याउलट न्यूयॉर्क टाइम्स हे अमेरिकन वृत्तपत्र साध्या यादीत तो गाळते आणि असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेची नियमावलीही, अर्थ संदिग्ध होत नसेल तर गाळा, असेच सांगते. त्याच न्यूयॉर्क शहरातले न्यूयॉर्कर साप्ताहिक मात्र तो न चुकता देते. ब्रिटनमध्ये गार्डियन आणि इकॉनॉमिस्ट सहसा देत नाहीत, गरज पडली तरच देतात. वृत्तपत्रांनी तो सोडला याचे एक कारण जागेची काटकसर असे सांगितले जाते. अरुंद स्तंभात खिळे जुळवायचे असत तेव्हा एकेका चिन्हाचा हिशेब होता.

पुस्तके आणि संशोधनपत्रिका यांचा कल दुसऱ्या बाजूला आहे. १९०६ मध्ये प्रथम निघालेली शिकागो विद्यापीठाची नियमावली हा स्वल्पविराम द्यावा असे आग्रहाने सांगते. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत चालणारी एपीए शैली आणि भाषा-साहित्याच्या अभ्यासात चालणारी एमएलए शैलीही तेच सांगतात. त्यामुळे अमेरिकेतील विद्यापीठासाठी निबंध, उद्देशपत्र किंवा प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तो द्यावा. भारतातील इंग्रजी वृत्तपत्राला लेख पाठवताना तो सहसा गाळावा. एखाद्या ब्रिटिश संस्थेसाठी लिहायचे असेल तर त्या संस्थेचा छापील मजकूर उघडून तीन-चार याद्या पाहाव्यात आणि तसे लिहावे. कार्यालयात नव्याने लागलेल्या माणसालाही हीच युक्ती उपयोगी पडते. नियमावली हाती नसली तरी गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल असतोच.

एकाच देशाच्या पायाभूत दस्तऐवजांतही एकवाक्यता नसते. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘लाइफ, लिबर्टी अँड द परस्यूट ऑफ हॅपिनेस’ असे शेवटच्या स्वल्पविरामाशिवाय आहे, तर १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीत ‘लाइफ, लिबर्टी, ऑर प्रॉपर्टी’ असे त्याच्यासह आहे.

कोणत्याच संस्थेची शैली बंधनकारक नसेल, म्हणजे स्वतःचा ब्लॉग, स्वतःचे पुस्तक किंवा खासगी पत्र असेल, तर माझा सल्ला स्वल्पविराम देण्याचा आहे. याच्या बाजूचा जुना युक्तिवाद मला पटतो. आगरकरांच्या पिढीला ज्याच्या विचारांची ओढ होती, त्या हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाने काळा, पांढरा आणि हिरवा अशा तीन रंगांचे उदाहरण घेऊन म्हटले होते की, विचारात तिन्ही रंगांचे महत्त्व सारखे असेल तर पांढऱ्यानंतरही काळ्याइतकाच विराम हवा. हॉवर्ड कॉलिन्स यांनी १९०५ मध्ये लेखक आणि मुद्रकांसाठी केलेल्या कोशात हे मत घेतले होते. विरोधकांचे म्हणणे असे की, ‘अँड’ हा शब्द तेच काम करतो, मग चिन्हाची पुनरुक्ती कशाला? त्यातही तथ्य आहे. पण नवशिक्याला प्रत्येक वाक्यात संदिग्धता हुंगत बसणे जमत नाही आणि नेहमी देण्याची सवय असली की निदान मोठे अपघात टळतात.

ब्रिटनने २०२० च्या जानेवारीत युरोपीय संघातून बाहेर पडताना काढलेल्या ५० पेन्सच्या नाण्यावर ‘पीस, प्रॉस्पेरिटी अँड फ्रेंडशिप विथ ऑल नेशन्स’ असे कोरले होते. ‘प्रॉस्पेरिटी’नंतर स्वल्पविराम नाही म्हणून फिलिप पुलमन या कादंबरीकाराने ते नाणे वापरूच नये असे जाहीरपणे सांगितले. इथे मोजणी तीनच येते, गोंधळ नाही. तरीही लोक इतक्या तळमळीने भांडतात, कारण भाषेतल्या लहान सवयी लोकांना फार जवळच्या असतात.

तिसरी पायरी: यादीतल्या जोड्या ओळखणे

काही गोष्टी जोडीनेच येतात. आपल्याकडे वडा-पाव, पुरी-भाजी, तशा इंग्रजीत ‘ब्रेड अँड बटर’. अशी जोडी यादीच्या शेवटी किंवा शेवटाजवळ आली की शेवटचा स्वल्पविराम गाळणे धोक्याचे होते. समजा, एका परिसंवादाच्या नाश्त्याची मागणी इंग्रजी ईमेलने पाठवायची आहे आणि लिहिले आहे: ‘पोहा, उपमा, इडली अँड चटणी अँड टी.’ वाचणारा क्षणभर थबकतो. चटणी इडलीबरोबर आहे, की चहाबरोबर काहीतरी आहे? ‘पोहा, उपमा, इडली अँड चटणी, अँड टी’ असे लिहिले की चार पदार्थ स्पष्ट होतात. इथे वृत्तपत्री शैली पाळणारेही स्वल्पविराम देतात. असोसिएटेड प्रेसची नियमावलीसुद्धा यादीतल्या एखाद्या घटकातच ‘अँड’ असेल तर शेवटचा स्वल्पविराम द्यायला सांगते.

चौथी पायरी: करार आणि नियमांत अधिक सावध राहणे

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे चिन्हाची किंमत पैशात आणि शिक्षेत मोजली जाते.

अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून काही कामे वगळली होती. त्यांची यादी अशी होती: ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. पुढे शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत खाद्यपदार्थ यांचा उल्लेख होता. ओकहर्स्ट डेअरी या कंपनीचे चालक दूध पोचवण्याचे, म्हणजे वितरणाचे काम करत, पण माल बांधत नसत. कंपनीचे म्हणणे होते की ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे यादीतले वेगळे, शेवटचे काम आहे, म्हणून चालकांना जादा कामाचा मोबदला मिळणार नाही. चालकांचे म्हणणे होते की ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नसल्यामुळे ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ असे ते एकच काम आहे आणि बांधणी तर ते करत नाहीत.

दोन्ही बाजूंना आधार होता. यादीतली बाकी सगळी कामे ‘इंग’ने संपणारी आहेत, ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ मात्र एकाच घडणीची नामे आहेत, त्यामुळे ती दोन्ही ‘फॉर’च्याच पोटात बसतात, हा चालकांच्या बाजूचा भक्कम मुद्दा होता. कंपनीच्या बाजूने असे की, चालकांचा अर्थ घेतला तर ‘पॅकिंग’च्या आधी ‘ऑर’ हवा होता, तो तिथे नाही. शिवाय त्या राज्यात कायदे लिहिणाऱ्यांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेतच शेवटचा स्वल्पविराम देऊ नये अशी सूचना होती. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने यादी संदिग्ध ठरवली आणि संदिग्धता असेल तर अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा, या त्या राज्याच्या धोरणानुसार चालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांच्या निकालपत्राची सुरुवातच एका स्वल्पविरामाअभावी हा खटला उभा राहिला, अशा अर्थाच्या वाक्याने होते. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधीच विधिमंडळाने ती यादी पुन्हा लिहिली होती. तिच्यात प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या जागी ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ हा शब्द घेतला. नवशिक्याने यातून नेमके हे उचलावे: त्यांनी फक्त चिन्ह बदलले नाही, शब्दाची घडणही बाकीच्या शब्दांशी जुळवून घेतली.

असाच एक प्रसंग आपल्याकडचा आहे आणि तो कमी सांगितला जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २७ मध्ये ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’ अशी शब्दरचना होती. औषधांचा नुसता साठा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, की विक्रीसाठी साठा करणे हा गुन्हा आहे, असा प्रश्न महाराष्ट्र राज्य प्रतिवादी असलेल्या आणि १९७९ च्या निवाडासंग्रहांत छापलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘स्टॉक्स’ या शब्दानंतर स्वल्पविराम नाही, हे न्यायालयाने मुद्दाम नोंदवले. त्यामुळे ‘फॉर सेल’ हे शब्द साठ्यालाही लागू होतात आणि विक्रीचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय नुसता साठा गुन्हा ठरत नाही, असा अर्थ लावला गेला. एका माणसाचे दोषी असणे-नसणे त्या मोकळ्या जागेवर टेकले होते.

याचा अर्थ न्यायालये स्वल्पविरामावरच निकाल देतात असा नाही. कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा गौण घटक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच अश्विनीकुमार घोष खटल्यात म्हटले होते. म्हणून भाडेकरार, सोसायटीचे उपविधी, निविदा किंवा नोकरीचे नियम इंग्रजीत लिहिताना एका चिन्हावर भिस्त ठेवू नये. शेवटचा स्वल्पविराम द्यावाच, पण महत्त्वाच्या गोष्टी शक्यतो एकाखाली एक, क्रमांक घालून लिहाव्यात. क्रमांक घातले की वाचकाला आपोआप मोजता येते.

पाचवी पायरी: अर्धविरामाकडे वळणे

यादीतल्या घटकांच्या पोटातच स्वल्पविराम असतील तर घटक वेगळे करण्यासाठी अर्धविराम वापरावा. ‘पणजी, गोवा; बेळगावी, कर्नाटक; अँड कोल्हापूर, महाराष्ट्र’ अशी ती रचना होते. इथे शेवटच्या ‘अँड’च्या आधीचा अर्धविराम दोन्ही पंथांत दिला जातो. समितीच्या सदस्यांची नावे पदांसह देताना हीच पद्धत वापरावी.

सहावी पायरी: सारख्या दिसणाऱ्या इतर जागा वेगळ्या ठेवणे

नवा नियम कळला की तो सगळीकडे लावण्याची घाई होते. यादीत दोनच गोष्टी असतील तर मध्ये स्वल्पविराम देऊ नये. ‘टी, अँड कॉफी’ हे दोन्ही पंथांत चूक आहे. प्रत्येक घटकानंतर ‘अँड’ लिहिलेलाच असेल तर स्वल्पविरामाची गरज नाही. कंपन्यांच्या नावांत ‘अँड’ऐवजी येणाऱ्या ‘&’ या मुरडलेल्या चिन्हाच्या आधी तो सहसा देत नाहीत, पण एपीए शैलीच्या संदर्भसूचीत लेखकांची नावे देताना त्या चिन्हाच्या आधीही तो द्यावा लागतो. प्रबंध लिहिणाऱ्यांचे गुण इथे हमखास जातात.

दोन पूर्ण वाक्ये ‘अँड’ने जोडताना मध्ये येणारा स्वल्पविराम ही अगदी निराळी गोष्ट आहे. ‘आय रोट द लेटर, अँड माय सिस्टर पोस्टेड इट’ यात यादी नाही, दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. तुमची शैली शेवटचा स्वल्पविराम गाळणारी असली तरी हा काढू नये.

शेवटची फेरी

मजकूर पूर्ण झाला की त्यातून एक फेरी केवळ याच कामासाठी मारावी. शोधाच्या खिडकीत आधी स्वल्पविराम, मोकळी जागा आणि ‘अँड’ असे टाइप करून प्रत्येक जागा पाहावी. मग नुसता ‘अँड’ शोधावा आणि हेच दोन शोध ‘ऑर’साठी पुन्हा करावेत. एकदम सगळीकडे बदल करणारी आज्ञा वापरू नये, कारण तिला यादी आणि जोडवाक्य यांतला फरक कळत नाही. वर्डच्या संपादन-सेटिंगमध्ये ऑक्सफर्ड कॉमासाठी वेगळी निवड असते. ती आपल्या शैलीप्रमाणे आधीच करून ठेवली तर नको तिथे रेघा उमटत नाहीत. अवतरणे मात्र जशीच्या तशी ठेवावीत. घटनेची उद्देशिका उद्धृत करताना आपली शैली कोणतीही असो, तिच्यात स्वल्पविराम घालू नये.

संपादकाने तुमचे सगळे शेवटचे स्वल्पविराम काढून मजकूर परत पाठवला, तर ते पुन्हा घालण्यासाठी वाद करू नये. बदललेल्या प्रत्येक यादीतल्या गोष्टी पुन्हा मोजाव्यात. जिथे आकडा बदलला असेल तेवढीच वाक्ये वेगळी काढावीत आणि ‘इथे दोन व्यक्ती वाटतात, प्रत्यक्षात तीन आहेत’ असे समासात लिहून कळवावे.